गुडघा सोडून सगळं

गल्लीत सगळे त्यांना सेकंदकाका म्हणत. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. नियम एकच: घड्याळ हातात घेतलं की काचेवरचा, पट्ट्यावरचा एकूण एक ओरखडा गिऱ्हाइकासमोरच वहीत टिपायचा. नंतर कुणी "हे तुम्हीच केलंत" म्हणायला नको. नियम चांगलाच होता हो, पण माणसाने तो घड्याळापुरता ठेवावा की नाही!

दीड वर्षापूर्वी काकांनी काकूंसाठी आरोग्य विम्याचा फॉर्म भरला, आणि 'आधीचे आजार' या रकान्यात बायकोचेही सगळे ओरखडे टिपून काढले. जागा पुरेना, तर मागच्या बाजूला लिहिलं. डाव्या कानाला जरा कमी ऐकू येतं. थंडीत पाठ धरते. जिना चढताना उजवा गुडघा करकरतो. तोवर त्या गुडघ्याकडे कुठल्या डॉक्टरने ढुंकूनही पाहिलं नव्हतं!

आता तोच गुडघा पार कामातून गेला होता. उठता-बसता काकूंना जीव नकोसा व्हायचा. डॉक्टर म्हणाले, बदलायलाच हवा, आणि लवकर. खिशातून करणं झेपणारं नव्हतं. विमा कंपनीकडे मंजुरी मागितली, तर सरळ नकार. म्हणून दोघं कंपनीच्या ऑफिसात आले. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. म्हाताऱ्यांचा विमा विकतात आणि बसतात कुठे, तर दुसऱ्या मजल्यावर! काय म्हणावं या लोकांना?

टेबलामागच्या बाईंनी फॉर्म चाळला. "आजोबा, गुडघा तुम्हीच लिहिलाय. आधीच्या आजाराला तीन वर्षं थांबावं लागतं. अजून दीड वर्ष आहे."

"म्हणजे खरं लिहिलं म्हणून शिक्षा?"

"आजार लपवला असता तर पॉलिसीच रद्द झाली असती."

"अहो, पण करकरणं म्हणजे काय आजार? माझेही करकरतात!"

"तेव्हा विचारायचं होतंत."

विचारायचं कुणाला? फोनवर एक दाबा, दोन दाबा करता करता काकांचं बोट झिजलं होतं. पॉलिसीची पुस्तिका त्यांनी घड्याळाचं भिंग डोळ्याला लावून वाचली होती. एका पानावर दिलेलं पुढच्या पानावर काढून घेतलेलं. काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मग मिळतं तरी काय यात?"

"बरंच काही. समजा, आजी जिन्यावरून पडल्या, हाड मोडलं. अपघाताचा खर्च पहिल्या दिवसापासून मिळतो."

शेजारी गुडघा चोळत बसलेल्या काकू म्हणाल्या, "ऐकलंत? मग द्या की ढकलून एकदाचं. जिना समोरच आहे."

बाई हसल्या. काकांना हसता येईना. आपल्याच हाताने लिहिलं आपण, आपल्याच हाताने, एवढंच डोक्यात घोळत होतं.

उतरताना त्यांनी काकूंचा दंड दोन्ही हातांनी पकडला. काकू पायरीपायरीला थांबत होत्या, ओठ आवळत होत्या. असं अजून दीड वर्ष.

"अहो, केवढं घट्ट धरलंय! सोडा, दुखतंय मला."

काकांनी सोडलं नाही.