सांडव्याचे रचून ठेवलेले दगड

ती घटना माझ्या मनातून अजून गेलेली नाही. कितीतरी खून-दरोड्यांचे तपास विसरलो, पण हा एक साधा तक्रारी अर्ज लक्षात राहिला.

हिंगोली जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. हद्दीत एक गाव आणि त्याला लागून एक तांडा. दोघांनी मिळून पाणलोट समिती केली होती. एका संस्थेकडून छोटं अनुदान मिळालं होतं, बाकी सगळं श्रमदान. नाल्यावर दगडमातीचा बांध झाला, माळावर चर खणले, चराई बंद करून गवत राखलं, बोर आणि पळसाची रोपं लावली. भाद्रपदात तळं भरलं. जिथं नुसते खडे होते तिथं तितर दिसू लागले.

पुढचा हप्ता पाहणीनंतर मिळणार होता. पाहणी तोंडावर आली आणि कुणीतरी सांडवा, म्हणजे जादा पाणी जाण्याची वाट, खाली खोलवर फोडला. निम्मं तळं वाहून गेलं.

समितीचे अध्यक्ष, गावातले एक शेतकरी, संतापून ठाण्यात आले. "साहेब, हे तांड्यावरल्यांचंच काम हाय. चराई बंद झाली ना त्यांची!" तिकडे तांड्यावरची माणसंही चिडून जमली होती. गुन्हा दाखल केला असता तर दोन वस्त्या कायमच्या तुटल्या असत्या. मी अर्ज चौकशीवर ठेवला आणि जागेवर जाऊन पंचनामा केला.

तिथं एक गोष्ट खटकली. सांडव्याचे दगड एका बाजूला नीट रचून ठेवले होते. चिडलेला माणूस दगड भिरकावतो, रचून ठेवत नाही. हे मी पंचनाम्यात घेतलं, बाहेर बोललो नाही.

बातमी मिळाली ती वारंगा फाट्यावरच्या चहाच्या हॉटेलात. आमच्या बीट अंमलदाराला एका दूधवाल्यानं सांगितलं, की त्या दिवशी सकाळी तांड्यावरचे एक म्हातारे हापशावर चिखलानं भरलेली पहार धूत होते.

त्यांना बोलावून घेतलं. बाकावर बसवून चहा दिला. कपाला त्यांनी हात लावला नाही.

"म्याच फोडला साहेब. लिहा गुन्हा."

"काहून फोडला?"

"राग आला."

"दगड कुठं टाकले?"

"टाकले नाल्यात. भिरकावून देले."

दोषी माणूस सहसा वेळ काढतो. यांना मात्र अटक व्हायची घाई होती आणि डोळे सारखे दाराकडे जात होते. "घरी कोण असतं?" असं विचारताच त्यांनी मान खाली घातली. मी महिला शिपायाला तांड्यावर पाठवणार, तेवढ्यात त्यांची बायको स्वतःच दारात उभी राहिली. तिला पाहून जबाबासाठी बसलेले अध्यक्षही चपापले. ही बाई श्रमदानात सगळ्यांच्या पुढे होती.

"त्यांनी न्हाई साहेब, म्या फोडला. त्यांना सोडा."

मी तिला पाणी दिलं. ते पिऊन ती आपणच बोलू लागली.

"फार वर्षांमागं आमचं लेकरू गेलं. रांगत बी नव्हती. तिथंच नाल्याच्या काठी ठेवली तिला. पाणी तिथवर येईन असं वाटलं न्हाई, म्हणून म्या बी दगड वाहिले. मग पाणी चढून राहिलं. रोज जाऊन पाहायची. पाण्यात तिला थंडी वाजत असंन, साहेब."

"मीटिंगमधी काहून बोलली न्हाईस, मावशी?" अध्यक्षांनी विचारलं.

"समदे खुशीत होते. काय सांगू? आन् हे तर तिला कवाच विसरले असं वाटायचं मला."

म्हाताऱ्यांनी मान वर केली. आपल्या बोलीत त्यांनी एकच शब्द उच्चारला. ते त्या मुलीचं नाव होतं. म्हणाले, "म्या बी जायचो तिथं. तू गुरांकडं गेली की." इतक्या वर्षांत दोघं एकमेकांसमोर पहिल्यांदाच तिच्याविषयी बोलत होती. मी शिपायाला खूण केली, आम्ही सगळे बाहेर आलो.

व्हरांड्यात येताच अध्यक्षांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, "अर्ज मागं घेतो. सांडवा हातभर खालीच ठेवू. पाणी कमी राहील, राहू द्या." ठाणे दैनंदिनीत आपसात समजूत झाल्याची नोंद घेतली. गाव आणि तांडा, दोघांनी मिळून ते दगड पुन्हा बसवले, आणि लेकराला ठेवलं त्या जागेभोवती चार पळस लावले.

पाहणीला आलेल्या पाहुण्यांनी विचारलं, सांडवा इतका खाली का? अध्यक्ष म्हणाले, "वर आमची लेक हाय."

नोकरीभर मी 'कोणी केलं' हे शोधत आलो. त्या ठाण्यात मला कळलं, की कबुली नेहमी गुन्ह्याचीच नसते, कधी ती मायेचीही असते. आणि माणूस बोलत नाही म्हणजे त्याला सांगायचं काही नसतं, असं नाही. पुढच्या वर्षी समितीनं दुसऱ्या ओढ्याचं काम काढलं, तेव्हा मलाही बोलावलं होतं. आखणीच्या आधी अध्यक्ष सगळ्यांना घेऊन काठानं फिरले आणि बायकांना विचारलं, "इथं कुणाचं काही हाय का?"

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मग मागून एका बाईनं हळूच बोट दाखवलं. तिचं पाहून दुसरीनंही.