खुर्ची कुणी सोडायची?

गेल्या रविवारी सकाळी राजाजीनगरच्या थिएटरात, लहान मुलांचा कार्टूनपट बघायला एकट्याच आलेल्या साठीच्या एका बाईंचा अपमान झाला. करणारा आपल्याच मराठी मंडळातला एक बाप.

पडद्यावरच्या खारीने जुनं झाड सोडलं, तशा बाई मोकळेपणी रडू लागल्या. हा हसला. “अक्का, कार्टून आहे हो! नातवंडं कुठायत?”

“नाहीत. मी माझ्यासाठी आलेय.”

“मग उठा की, मुलांना बसू द्या.”

बाईंनी पदराने चष्मा पुसला आणि पर्स मांडीवर घट्ट धरली. “तुम्ही मघापासून मोबाईल बघताय. मी सिनेमा बघतेय. खुर्ची कुणी सोडायची?”

बाई शेवटपर्यंत हलल्या नाहीत. मंडळींनो, पुन्हा कुणी असं हसलं, तर त्यालाच बाहेर काढा.