काळ्या मण्यांत एक निळा

दात घासायचा ब्रश हातात घेतला की मला अजून मळमळतं. त्या मे महिन्यात आम्ही तसल्याच ब्रशांनी माणसांची हाडं घासत होतो.

नव्वदच्या दशकाची अखेर असेल. पोलादपूरच्या अलीकडे गोऱ्यांच्या वेळचं एक पडकं चर्च होतं. तिथल्या कबरी उकरून अभ्यासायला पुण्याहून एक साहेब आले. मी महाडच्या शाळेत चित्रकला शिकवायचो. सांगाड्यांची चित्रं काढायला त्यांनी मला बोलावलं आणि मी मोठ्या ऐटीत गेलो.

हाडांची मला किळस आली नाही. हाडं बिचारी स्वच्छ होती. किळस आली ती आमची. साहेब नकाशा उडू नये म्हणून त्यावर कवटी ठेवत आणि शेजारीच कांदाभजी खात. महाडहून लोक सहकुटुंब येऊन सांगाड्यांसोबत फोटो काढत. एका गृहस्थांनी तर सोन्याचा दात आहे का बघायला कवटीच्या तोंडात बोट घातलं. मी तोंड फिरवलं.

एक दिवस चर्चच्या भिंतीबाहेर, करवंदीच्या जाळीपाशी, वीतभर खोल खड्ड्यात तान्ह्या मुलाचा सांगाडा लागला. मनगटापाशी काळे मणी होते, मधोमध एकच निळा. साहेबांनी वहीत लिहिलं, ‘युरोपियन मूल’. मी कागद लावला.

माती वाहणारी एक बाई घमेलं घेऊन तिथेच थांबली. वरच्या वाडीतली, पन्नाशीची.

“सर, ह्यो माजा हाय,” ती म्हणाली. “काळं मणी सपलं, म्हनून निळा मीच ववला हुता. दात आलं नव्हतं, तवा सासऱ्यानं हितं आनून पुरला. मला येऊ दिलं नाय.”

दात न आलेलं मूल जाळत नाहीत, पुरतात, हे मला ठाऊक होतं. या ओसाड जागी पुरायला कुणाची हरकत नव्हती. तिचं मागणंही एवढंच होतं, की त्याला होता तिथे राहू द्या.

मी काय म्हणालो? “चित्र होऊ दे, मग साहेबांना सांगतो.” उजेड चांगला होता ना! कागदावर ऊन येत होतं, म्हणून ती दोन तास माझ्यावर पदराची सावली धरून उभी राहिली. मी एकेक मणी मन लावून काढला. थू माझ्या कलेवर!

तोवर साहेब पेटी घेऊन आले. मी सांगितलं. ते म्हणाले, “असं? मग तर हे फारच महत्त्वाचं आहे.” हाडं एका पिशवीत गेली, मणी दुसरीत. मी दोनदा “पण साहेब” म्हणालो आणि मग पेन्सिली गोळा करू लागलो.

दुसऱ्या दिवशी ती कामावर आली. साहेबांनी तिलाच तो खड्डा बुजवायला सांगितलं. तिने माती फावड्याने ओढली नाही. ओंजळीने टाकली, हाताने थापली. मग करवंदीच्या काटेरी फांद्या तोडून आणल्या आणि त्या रिकाम्या खड्ड्यावर नीट रचल्या.

साहेबांनी मला विचारलं, “हे कशाला?”

“कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून ठेवतात,” मी म्हणालो.