नकाशा, मी आणि आजचा कावळा

माझी सवत कागदाची आहे.

आज ह्यांचं दहावं झालं, आणि कावळासुद्धा तिच्याच बाजूने गेला.

ह्यांचं आयुष्य तारकर्लीत रापणीचं जाळं ओढण्यात गेलं. मी होमस्टे सांभाळते. एक म्हातारे पाहुणे जाताना ह्यांना जुना नकाशा देऊन गेले. काराकोरमच्या हिमनद्यांचा, मागे कापड लावलेला.

हे बघतात तर निळ्या रेघाच रेघा.

"ह्यो दर्या खंयचो? बरोच खोल दिसता."

पाहुणे हसले. "दर्या नाही हो, बर्फ आहे. आणि त्या रेघा खोलीच्या नाहीत, उंचीच्या."

"एवढा पानी, आणि एक लाट नाय?"

झालं! जीव तिथेच अडकला.

रोज संध्याकाळी नकाशा टेबलावर. हिमनद्यांची नावं तोंडपाठ. मला बांगडा आवडत नाही, हे मात्र शेवटपर्यंत लक्षात राहिलं नाही.

छप्पर गळायला लागलं की आधी नकाशा उचलायचे, मग मला हाक.

"माझ्यापेक्षा तुमका ह्या फडकाच बरा!"

"तुकाय घेवन जातलंय गो. सीझन संपांदे."

सीझन कधी संपलाच नाही. हेच संपले.

काल पुतण्याने नकाशा मागितला. मुंबईच्या फ्लॅटमध्ये फ्रेम करून लावतो म्हणाला. मी खुशाल ने म्हटलं. एकदाची पीडा टळली!

आज किनाऱ्यावर पिंड ठेवला. कावळा सुरूच्या झाडावर बसून राहिला.

मुलगा म्हणाला, "बाबा, होडी इकूचंय नाय." कावळा ढिम्म.

मी म्हटलं, "मी येळेर जेवतलंय. रडत बसूचंय नाय." तरी ढिम्म.

माझ्यासाठी नाही हो हलला!

मग दीर हळूच म्हणाले, "वयनी, नकाशो..."

मी दात-ओठ खात म्हटलं, "नकाशो खंय जावचो नाय. माझ्याच खोलीत ऱ्हवतलो."

आला की लगेच! शिवला आणि उडाला.

सगळ्यांनी हात जोडले. मी हमसून रडले. लोकांना वाटलं, दुःख. दुःख होतंच, पण जळफळाट जास्त होता.

आत्ता पहिल्यांदाच तो नकाशा एकटीने उघडून बसलेय. ह्यांचं बोट फिरून फिरून एके ठिकाणचा निळा रंग पुसट झालाय. मीही तिथेच बोट ठेवलं.

जावा आता. बर्फ बघा पोटभर.

पण नकाशो माझ्याकडे आसा. वाट चुकलास तर घराकच येवचा लागतला.