मागची खोली

निवांत कुठे झोपणार, या एका विचाराचा भुंगा ताईच्या डोक्यातून जात नव्हता. भाजी चिरताना तोच, लेकीचे कपडे वाळत घालताना तोच. महिनाअखेरीस धाकट्या भावाला दुकान रिकामं करून द्यायचं होतं, आणि दुकानाच्या मागे पडद्याआड टाकलेल्या खाटेशिवाय त्याला दुसरं घर नव्हतं.

निवांत हे काही त्याचं खरं नाव नव्हे. परीक्षेची घंटा झाली तरी हा शाळेच्या फाटकाशी मांजर कुरवाळत उभा, तेव्हा वडिलांनी ते चिकटवलं. पुढे तो बॅगा दुरुस्त करू लागला. चेन, चाकं, मुठी, पट्टे. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. सकाळी शटर वर करायचा, डोळे मिटून दोन शब्द पुटपुटायचा आणि कामाला लागायचा. गिऱ्हाईक आलंच नाही, तर लोकांनी न नेलेल्या बॅगा पुसत बसायचा.

ताईचं सगळं उलट. वडिलांची नोकरी सुटली त्या वर्षी घरातला साबण संपला आणि आई शेजारी मागायला गेली. शेजारणीच्या दारात पाठमोऱ्या उभ्या आईची ती खाली झुकलेली मान ताई विसरली नाही. तेव्हापासून तिच्या घरात प्रत्येक वस्तू दोनदा असे. मागची खोली त्यासाठीच होती. तांदळाचे डबे, साबण, मेणबत्त्या, गाद्या, जास्तीचा कुकर. "अडीअडचणीला असावं," ती म्हणे. नवरा म्हणे, "अडचण आली तर तिला उभं राहायलाही जागा नाही तिथे."

चेन अडकलेली बॅग हे निमित्त करून ताई दुकानात गेली.

"जागा बघितलीस?"

"सगळ्यांना सांगून ठेवलंय. येईल त्या गिऱ्हाइकाला सांगतो."

"आणि?"

"आणि वरच्याला सांगितलंय." त्याने चेनीवर मेण घासलं. "आजवर उपाशी झोपवलं नाही त्याने."

"असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी. कबूल. पण खाटलं टाकायला जागा नको का?"

तो हसला. "ती पण तोच बघेल. कुणाच्या तरी तोंडून बोलेल. चहा घेतेस?"

तिने चहा घेतला नाही. याला काळजी नाही, म्हणजे याच्या वाटणीचीही आपणच करायची, असं पुटपुटत ती तशीच उन्हात निघाली आणि भाड्याची पाटी दिसेल तिथे चौकशी करत सुटली. कुठे एकटा माणूस नको, कुठे कारागीर नको. शेवटच्या घरी मालकिणीने तिला पाणी दिलं.

"कोणासाठी बघताय?"

"धाकट्या भावासाठी. निर्व्यसनी आहे हो अगदी."

"सख्खा?"

"सख्खा."

"मग तुमच्याकडे नाही का जागा?"

"मागे एक खोली आहे. पण रिकामी नाही ती."

"कोण राहतं?"

मालकिणीने सहजच विचारलं होतं, पण ताईने पेला खाली ठेवला. काय सांगणार? साबण राहतो?

घरी येऊन तिने चप्पलही न काढता मागच्या खोलीचं दार ढकललं. ते अर्धंच उघडलं. पलीकडे गाद्या होत्या. आत शिरून ती एका डब्यावर टेकली. हे सगळं कुठे ठेवायचं? उद्या यांचीच नोकरी गेली तर? लेकीचं शिक्षण अर्ध्यावर असताना घरात काही संपलं तर? पुन्हा ती पाठमोरी मान दिसली. मग पहिल्यांदाच तिच्या मनात आलं की शेजारणीने त्या दिवशी साबण दिला होता. हसत दिला होता, वर आईला आत बोलावून बसवलंही होतं.

तिने निवांतसारखे डोळे मिटून पाहिले. "तूच बघ बाबा," एवढंच सुचलं. काळजी काही गेली नाही.

"आई, अंधारात काय करतेस?" लेक दारातून डोकावली.

"माझा फोन आण. मामाला इकडेच राहायला बोलावते."

"आणि हे सगळं?"

"आधी बोलावते, मग आवरते," ताई म्हणाली. उलटं केलं तर आवरणं जन्मात संपणार नाही, इतकं ती स्वतःला ओळखून होती.