सत्यशीलेला दिवस गेले तेव्हा

सत्यशीला लग्न होऊन राळेगावजवळच्या त्या खेड्यात आली, तेव्हा तिचा नवरा रोशन राळेगावला कापसातून सरकी काढायच्या एका जिनिंगमध्ये कामाला होता. सकाळी सायकलवर जायचा, दिवेलागणीला परतायचा. पुढे कापसाची वाईट वर्षं आली. जिनिंग हंगामभर चालायचं ते दोन महिन्यांवर आलं आणि एका वर्षी उघडलंच नाही. रोशन पुण्याकडे इमारतींच्या कामावर गेला. तेव्हापासून दोन-अडीच महिन्यांतून चार दिवस घरी. मागे सत्यशीला, सासरे पंजाबराव आणि दीपा व प्रियंका या दोन लहान मुली.

तिसरं मूल नको, यावर नवराबायकोचं एकमत होतं. सत्यशीलानं एकदा ऑपरेशनचा विषय काढला, तर रोशन म्हणाला, कशाला पोट कापून घ्यायचं? वीर्य बाहेर पडायच्या आधी तो बाजूला होतो, तेवढं पुरे आहे. आपल्याला ते जमतं याचा त्याला थोडा अभिमानही होता. प्रियंकानंतरची चार वर्षं तशीच निभली, म्हणून सत्यशीलाही निर्धास्त झाली.

त्या साली पोळ्याला रोशन येऊन गेला. पुढच्या महिन्यात तिची पाळी आली नाही. दसऱ्याला गावातला अख्खा बौद्धपुरा नागपूरला दीक्षाभूमीवर जायला निघाला. पंजाबराव दोन्ही नातींना घेऊन गेले. सत्यशीला मळमळीमुळे घरीच राहिली. गल्लीत माणूस नव्हतं. कोरड्या ओकाऱ्या काढून ती ओट्यावर बसली, तेव्हा पाठीवरून हात फिरवायलाही कोणी नव्हतं. तिची आई जाऊन तीन वर्षं झाली होती.

रोशनचा फोन रविवारी किसनरावांच्या किराणा दुकानातल्या कॉइन बॉक्सवर यायचा. त्या रविवारी तिनं हळूच सांगितलं, दिवस गेले आहेत. रोशन म्हणाला, "मी तं सांभाळलं होतं. मंग कसं काय?"

तिच्या मागे तेल घ्यायला आलेल्या दोन बाया उभ्या होत्या, समोर किसनराव वजन करत होते. एवढ्यांच्या देखत काय बोलावं? ती नुसती "घरी या" म्हणाली. रोशननं फोन ठेवला. पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. ती दुकानाच्या पायरीवर तासभर बसायची आणि मुलींसाठी बिस्किटपुडा घेऊन परत यायची.

वेचणी सुरू झाली होती. दिवसभर कापूस वेचताना ती स्वतःलाच विचारायची, आपलं कुठं चुकलं? दुसऱ्या पुरुषाचा विचारही कधी मनाला शिवला नव्हता, आणि रोशन म्हणतो तेही तिनं स्वतः पाहिलं होतं. तो वेळेवर बाजूला झाला होता. मग हे झालं कसं, याचा उलगडा तिलाही होईना.

शेवटी एक दिवस मजुरी बुडवून ती शेजारच्या गावच्या उपकेंद्रात गेली. तिथल्या नर्स बसंतीबाईंनी तपासलं, सगळं ऐकून घेतलं आणि दार लोटून घेतलं.

"हे पाह्य," त्या म्हणाल्या, "माणसाचं वीर्य पडायच्या आधी थोडं पातळ पाणी येते. त्याले समजतही नाही. कोणाकोणाच्या त्या पाण्यातही शुक्रजंतू राह्यतात. अन् बाजूले व्हायले जरासा उशीर झाला, तरी दिवस जातात. शंभर जोडपे असं करत असतील तं वर्षात वीसेक बायांले दिवस जातात. तुहा काही दोष नाही. त्याचाबी नाही."

सत्यशीला तिथेच रडली. मूल नको असेल तर यवतमाळला मोठ्या दवाखान्यात कायद्यानं गर्भपात करून घेता येतो, आणि ते तिनंच ठरवायचं, हेही बसंतीबाईंनी सांगितलं. परतीच्या वाटेवर तिनं ठरवलं: ठेवायचं. मूल पाडलं तर रोशनच्या मनातला संशय कायमचा खरा होऊन बसेल, असं तिला वाटलं.

दीपाच्या वहीतल्या पानावर तिनं रोशनला पत्र लिहिलं. बसंतीबाईंचे शब्द जसेच्या तसे. लिहिताना लाज वाटली, तरी एकही शब्द गाळला नाही. उत्तर आलं नाही.

जानेवारीत रोशन आला. मुलींना खाऊ दिला, तिच्या पोटाकडे पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाला, चल नर्सबाईकडे. तिथे त्यानं तोच प्रश्न तीनदा विचारला. बसंतीबाईंनी तीनदा तेच उत्तर दिलं.

परतताना नाल्याजवळ तो थांबला. "चुकलं माह्यं," म्हणाला. "मले हे माहीत नव्हतं."

"मी पत्रात हेच लिहिलं होतं," सत्यशीला म्हणाली. "वाचलं नाही काय?"

"वाचलं होतं."

सत्यशीला त्याच्यासाठी न थांबता घराकडे चालू लागली.

मे महिन्यात मुलगा झाला, धम्मदीप. घरी आलेल्या रोशननं त्याला खाली ठेवलं नाही, आणि पंधरा दिवसांनी पुण्याला गेला. दीड महिन्यानं सत्यशीलानं कोणाला न विचारता उपकेंद्रात जाऊन पुन्हा दिवस जाऊ नयेत म्हणून तांबी बसवून घेतली. रविवारचे फोन पुन्हा सुरू झाले. रोशन आधीपेक्षा जास्त वेळ बोलायचा, तिची चौकशी करायचा. ती मुलांचं सांगायची, सासऱ्यांचं सांगायची. स्वतःचं काही सांगावं असं मात्र तिला पुन्हा कधी वाटलं नाही.

बऱ्याच वर्षांनी दीपाचं लग्न ठरलं, तेव्हा चुलीपुढे बसून सत्यशीलानं लेकीला हे सगळं उघड शब्दांत सांगितलं. दीपा आधी लाजली, मग ऐकत राहिली. शेवटी तिनं विचारलं, "तवा तुह्याजोळ कोण होतं माय?"

सत्यशीलानं जाळ पुढे सारला आणि म्हणाली, "कोणीच नाही."