महागडं पेट्रोल आणि अभिमनभाऊंची गाडी

अभिमनभाऊ दोंडाईच्याच्या मिरची बाजारात मुकादम होते. उन्हात पसरलेल्या लालभडक मिरचीवर मजूर लावायचे, मिरची खालीवर करून घ्यायची आणि उरलेल्या वेळात लोकांना सल्ले द्यायचे, असा त्यांचा दिवस जायचा. मिरचीला निदान हंगाम तरी असतो. सल्ल्यांना तोही नव्हता.

भाऊंकडे एक जुनी दीडशे सीसीची मोटारसायकल होती. घर ते बाजार, बाजार ते घर आणि अधूनमधून धुळे, एवढंच तिचं जग. गाडीची काही तक्रार नव्हती. तक्रार भाऊंची होती. पाठीमागून कुणीही येऊन आपल्याला मागे टाकून जातं, हे त्यांच्या मुकादमीला शोभत नव्हतं.

अशात एकदा मोबाइलवर एक गॉगलवाला जादा ऑक्टेनच्या महागड्या पेट्रोलबद्दल बोलताना दिसला. भाऊंनी त्याचं बोलणं निम्मंच ऐकलं आणि सार पूर्ण काढलं: ऑक्टेन म्हणजे पेट्रोलमधली ताकद. झालं! भाऊ तसलं पेट्रोल भरायला थेट धुळ्याला जाऊ लागले. आणायला जाण्यायेण्यातच त्यातलं बरंचसं जळून जायचं, पण ताकदीचं जळतंय याचं समाधान होतं.

"आता कशी पळते?" त्यांनी मागे बसलेल्या बायकोला, सुलक्षणाला विचारलं.

"मले तं तीच गाडी वाटस," ती म्हणाली. "तेच खड्डा, तेच दचका."

बायकांना इंजिनातलं काय कळतं, असं मनात म्हणून भाऊ स्टेशनजवळच्या रोहिदास मेस्तरीकडे गेले. रोहिदासने पाना खाली ठेवला.

"भाऊ, ऑक्टेन म्हणजे ताकद नही. इंजिन आत पेट्रोल अन् हवा दाबस. लई दाबं तं ते मिश्रण आपोआप भडकस, ठिणगीनी वाट पाहत नही. जास्त ऑक्टेनवालं पेट्रोल तेवढा दाब सोसस, इतलंच. तुमनं इंजिन दाबसच कमी. तेले सादं बी चालस."

एवढं ऐकल्यावर दुसरा कुणी मुकाट्याने साधं पेट्रोल भरू लागला असता. भाऊंनी वेगळाच निकाल दिला. पेट्रोल तर उत्तमच आहे. इंजिनच त्याच्या लायकीचं नाही. तेव्हा पेट्रोल बदलायचं नाही, इंजिन बदलायचं.

इथे रोहिदासने हात जोडायला हवे होते. पण वर्षानुवर्षं ऑइल बदलून आणि क्लच प्लेटा टाकून तोही कंटाळला होता. दुसऱ्याच्या गाडीवर आपली हौस भागवायची अशी संधी रोज थोडीच येते! त्याने हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, काढलं आणि लेथवर खालून घासून आणलं, म्हणजे पिस्टनच्या वरची जागा कमी होऊन दाब वाढला. ठिणगीचं टायमिंग थोडं पुढे आणलं. कार्बुरेटरला जादा पेट्रोल सोडणारा मोठा जेट बसवला.

"आते हाई गाडीले सादं पेट्रोल पाजानं नही," त्याने बजावलं.

"मी काय येडा शे का?" भाऊ म्हणाले. रोहिदासने बिल पुढे केलं.

आणि खरं सांगायचं तर गाडी सुधारली. मूठ पिळली की उसळी घ्यायची. भाऊ दिवसातून दोनदा उगाचच शिंदखेडा रस्त्याला चक्कर मारून यायचे. बाजारात मिरचीच्या भावापेक्षा ऑक्टेनची चर्चा जास्त होऊ लागली, अर्थात बोलणारे एकटे भाऊच.

एप्रिलात सुलक्षणाच्या पुन्या नावाच्या धाकट्या भावाचा साखरपुडा ठरला. माहेर साक्रीच्या पुढे, डोंगरकडच्या गावात. भाऊंनी एसटी नाकारली. थोरल्या जावयाने कसं आवाज करत यावं! सुलक्षणा मागे, मध्ये आहेराची पिशवी, हँडलला मिठाईचा डबा, आणि डोक्यावर खानदेशातलं ऊन. साक्रीला पोहोचेपर्यंत टाकी तळाला गेली. पंपावर महागडं पेट्रोल संपलेलं होतं.

"सांजले टँकर येई," पंपावरच्या बाईने सांगितलं.

साखरपुडा दुपारी होता. भाऊंनी क्षणभर विचार केला, म्हणजे केल्यासारखं तोंड केलं. एक दिवस उपास घडला म्हणून पहिलवान काही वाळत नाही, असं म्हणून त्यांनी साधं पेट्रोल भरलं.

चढ लागला तसा इंजिनातून आवाज येऊ लागला, पत्र्याच्या डब्यात खिळे टाकून हलवावेत तसा.

"हाऊ कसाना आवाज शे?" सुलक्षणाने विचारलं.

"ताकदीना," भाऊ म्हणाले आणि त्यांनी मूठ आणखी पिळली.

आत वाढलेल्या दाबाखाली साधं पेट्रोल मन मानेल तेव्हा भडकत होतं आणि पिस्टनच्या माथ्यावर घाव घालत होतं. भाऊंनी वेग कमी केला असता तर कदाचित निभावलं असतं. पण मागून एक दूधवाला कॅन लटकवून येत होता, आणि त्याला पुढे जाऊ देणं शक्य नव्हतं. दूधवाला पुढे गेला. भाऊंच्या गाडीने पांढरा धूर सोडला, एक आचका दिला आणि ती थांबली. पिस्टनला भोक पडलं होतं.

बऱ्याच वेळाने वना नावाचा पिकअपवाला बकऱ्या घेऊन आला. त्याने गाडी मागे आडवी टाकली. पुढे वनाचा भाऊ बसलेला असल्याने जागा एकालाच होती. तिथे सुलक्षणा बसली. थोरले जावई मागे, शिंगांच्या गर्दीत, मिठाईचा डबा डोक्यावर धरून उभे राहिले. एका बकरीने त्यांच्या नव्या शर्टाची बाही चावून पाहिली.

मांडवाच्या दारात सासरे, शालिग्राम आबा, स्वागताला उभे होते.

"जवाईबापू, गाडी नही आणी का?"

"आणेल शे ना," सुलक्षणाच म्हणाली. "बकऱ्यासना संगे."

पुन्या नवरदेव असूनही पोट धरून हसला. भाऊ जेवायला बसले, पण त्यांनी दुसऱ्यांदा पुरणपोळी मागितली नाही. ही गोष्ट मात्र सगळ्यांना मनापासून वाईट वाटली.

दोंडाईच्याला परतल्यावर रोहिदासने नवा पिस्टन घातला, जुन्या बाजारातून न घासलेलं हेड आणलं, टायमिंग मूळ जागी नेलं, जेटही जुनाच बसवला. टाकीत साधं पेट्रोल. भाऊंनी दोन दिवस कान लावून गाडी चालवली, काहीतरी खोट सापडेल म्हणून. सापडली नाही. त्याचंच त्यांना जास्त लागलं.

पावसाळ्याच्या तोंडाला भूपेंद्र नावाचा मिरचीचा व्यापारी, भाऊंच्याच जुन्या गप्पा ऐकून, आपली गाडी घेऊन रोहिदासकडे हेड घासून घ्यायला निघाला. भाऊंनी त्याला रस्त्यातच अडवलं, चहाच्या टपरीवर बसवलं आणि दाब, ठिणगी, ऑक्टेन सगळं नीट, न चुकता समजावून दिलं.

"साक्रीकडला एक माणूस व्हता," ते गंभीरपणे म्हणाले. "त्यानी ऐकं नही. पिस्टनले भोक पडनं बिचाराना."

भूपेंद्र घाबरून तसाच माघारी गेला. भाऊंच्या आयुष्यातला कामाला आलेला हा बहुधा पहिलाच सल्ला. हातचं गिऱ्हाईक गेलेला रोहिदास मात्र पुढे बरेच दिवस त्यांच्याशी धड बोलला नाही.